ग्रीसकाकूंची चोच अडकते

ग्रीसकाकूंच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती. आट्यांना ग्रीस लावणारी, आणि न लावता मागाहून पान्याला लोंबकळणारी.

काकू स्वतः पहिल्या प्रकारातल्या, हे सांगायला नको. घराच्या तळमजल्यावर त्यांचं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. तिथे पेचांच्या डब्या, डब्यांना फिरकीची झाकणं, आणि झाकणांच्या आट्यांनाही ग्रीस. हे ग्रीस बाजारचं नव्हे. मधमाश्यांचं मेण आणि मेंढीची चरबी एकत्र वितळवून त्या ते घरी करत, आणि नेमक्या सुनेच्या दुधाच्या पातेल्यात करत. घरात आटे असलेली एकही वस्तू त्यांच्या बोटांतून सुटली नव्हती. साखरेची बरणी झाकणाला धरून उचलली की झाकण हातात आणि बरणी फरशीवर.

"आई, टूथपेस्टला मेंढीचा वास येतोय," सून सकाळी उठून ओरडायची.

"येऊ दे. टोपण कधी अडकलंय का?"

"टोपण नाही अडकत. दात घासायचं अडतं."

"जोर लावून उघडण्यापेक्षा बरं," काकू म्हणत, आणि विषय संपे. म्हणजे त्यांच्यापुरता.

हे वेड शिवणयंत्रांपासून सुरू झालं नव्हतं. ते सुरू झालं वडिलांच्या ठासणीच्या बंदुकीपासून. गावाबाहेर विटांच्या बंद पडलेल्या भट्टीमागे हौशी नेमबाजांचा एक क्लब होता. सगळे साठीच्या पुढचे, सगळ्यांकडे जुन्या चालीच्या बंदुका. पुढच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर गोळी गजाने ठासायची, आणि मागे नळीच्या बुडाशी पेचाने बसवलेल्या एका बारीक पोलादी नळकांडीवर तांब्याची टोपी चढवायची. या नळकांडीला क्लबात सगळे चोच म्हणत. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी चोचीतून आत जाते आणि धडाका होतो. धडाका सगळ्यांना आवडतो. नंतरचं धुणं कोणालाच आवडत नाही. काळ्या दारूची राख मोठी हावरट असते, हवेतली ओल ओढून घेते आणि लोखंडाला गंज आणते. चोच काढून, आटे धुऊन, खडखडीत कोरडे करून, ग्रीस लावून परत नुसत्या बोटांनी बसवली नाही, तर ती महिनाभरात अशी रुतून बसते की जणू नळीतच उगवली आहे.

आणि अडकलेली चोच म्हणजे नुसती अडचण नव्हे. एखादे वेळी टोपी उडते, पण आतली दारू पेटत नाही. मग चोच काढून मागून चिमूटभर कोरडी दारू घालावी लागते, म्हणजे गोळी सरळ वाटेने बाहेर जाते. चोच निघतच नसेल तर भरलेली बंदूक हातात घेऊन बसा रडत.

म्हणून काकूंनी नियम केला होता. वार्षिक स्पर्धेच्या सकाळी प्रत्येकाने टेबलापाशी यायचं, रिकामी बंदूक ठेवायची, छोटी किल्ली लावायची आणि चोच काढून दाखवायची. निघाली तर मैदानात. नाही निघाली तर दिवसभर चहाच्या टेबलावर, सगळ्यांना चहा द्यायला. सुरुवात काकू स्वतः करत. किल्लीसुद्धा न घेता, दोन बोटांनी चोच फिरवून काढत, वर धरून दाखवत आणि म्हणत, "याला म्हणतात बंदूक सांभाळणं." दरवर्षी टाळ्या पडत. काकूंना टाळ्या आवडत नाहीत असं त्या म्हणत. पण त्या थांबेपर्यंत चोच खालीही आणत नसत.

चहाच्या टेबलावरचा कायमचा माणूस म्हणजे गंजोबा. बाजारपेठेत चष्म्याचं दुकान चालवणारे हे गृहस्थ गोल, शांत, आणि बंदुकीच्या बाबतीत पार कामातून गेलेले. दरवर्षी त्यांची चोच अडकलेली. दरवर्षी काकू सगळ्यांसमोर त्यांची हजामत करत. हे नाव काकूंनीच ठेवलं होतं, आणि ते इतकं चिकटलं की त्यांच्या दुकानात गिऱ्हाईकंही "गंजोबा, माझा चष्मा झाला का?" असं विचारू लागली. गंजोबा रागावत नसत. चहा मात्र फार छान करत.

तर स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी काकूंनी आपली बंदूक खोक्यातून काढली, चोचीला दोन बोटं लावली आणि फिरवली.

चोच हलली नाही.

काकूंनी बोटं पुसली, परत लावली. मग किल्ली लावली. मग दाराकडे बघून घेतलं आणि दात-ओठ खाऊन किल्ली पिळली. किल्ली हातातून निसटली आणि काकूंच्या कोपराने साखरेची बरणी खाली गेली.

"काय झालं?" सून स्वयंपाकघरातून धावत आली.

"काही नाही."

सुनेने साखरेकडे पाहिलं, बंदुकीकडे पाहिलं, सासूच्या लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं. हुशार मुलगी होती. नको तेवढी.

"आई... अडकली?"

"हळू बोल!"

"कोण ऐकतंय? मांजर?" सूनबाईंचा चेहरा असा उजळला, जणू कोणी दुधाचं पातेलं परत दिलंय. "म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान..."

"पुढचं बोलू नकोस."

"बरं, नाही बोलत. पण उद्या काय? चहाच्या टेबलावर तुम्ही? मी येते बघायला. शेजारच्या काकींनाही आणते."

काकू खाली बसल्या. गंमत अशी होती, आणि ती काकूंना त्या क्षणी अजिबात गंमत वाटली नाही, की अडकलेला पेच कसा काढायचा हे त्यांना माहीतच नव्हतं. उभ्या आयुष्यात त्यांचा एकही पेच अडकला नव्हता. न अडकू देण्याबद्दल त्या तासभर बोलू शकत होत्या. पण अडकल्यावर काय? जो कधी बुडालाच नाही, त्याला गटांगळ्यांचं काय कळणार!

"मोठ्या पान्याने ओढू का?" सुनेने विचारलं.

"तुटली तर? अर्धी आत राहिली तर वडिलांची नळी कायमची गेली."

"मग ज्याची रोज अडकते त्याला विचारा की."

"कोणाला?"

सून आपला चष्मा काढून पदराने पुसू लागली.

"मरेन, पण त्या माणसाकडे जाणार नाही," काकू म्हणाल्या.

तासाभराने त्या निघाल्या. लाकडी दस्त्यापासून सोडवलेली लांब नळी दिवाणखान्यातल्या जुन्या पडद्यात गुंडाळलेली, आणि चालण्यात असा थाट, की कोणी विचारलंच तर पडद्याचा दांडा आहे म्हणायला. वाटेत तिघांनी विचारलं. तिसऱ्याला काकूंनी "तुझ्या डोक्याचं माप घ्यायला चाललेय" असं सांगितलं.

गंजोबांचं दुकान अरुंद, स्वच्छ, भिंतभर आरसे. त्यामुळे आत शिरताच काकूंना एकाच वेळी आठ ठिकाणी आपलं पडलेलं तोंड दिसलं.

"या या," गंजोबा काउंटरमागून म्हणाले. "काय सेवा?"

"चष्मा सैल झालाय."

"आणि हा दांडा?"

"सुताराकडे न्यायचाय."

"सुतार उलट्या बाजूला आहे."

"मला माहितीये सुतार कुठे आहे!"

"बरं, बरं. चष्मा द्या." गंजोबांनी चष्मा घेतला, दोन्ही दांड्या उघडून मिटून पाहिल्या, भिंगाशी नेऊन बारीक पेच बघितले. "काकू, हा घट्ट आहे."

"मग सैल करा!"

गंजोबांनी चष्मा हळूच खाली ठेवला. मग पडद्याकडे पाहिलं. मग अगदी मऊ आवाजात, दवाखान्यात विचारतात तसं, विचारलं, "चोच का?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काकूंना पहिल्यापासून गती नव्हती. त्यांनी नळी धाडकन काउंटरवर ठेवली. "हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या."

गंजोबा हसले नाहीत. ते उठले आणि दारावर 'जेवायला गेलो आहे' अशी पाटी लावून आले.

"संध्याकाळी चारला कोण जेवतं?" काकू म्हणाल्या.

"ज्याला माझी गरज असते त्याला पाटी वाचता येत नाही. या आत."

मागच्या खोलीतही भिंतीला आरसे होते, आणि बाकावर वस्तू घट्ट पकडायचा छोटा शेगडा होता. गंजोबांनी आधी नळीत गज घालून तो बुडापर्यंत जातो का ते पाहिलं.

"रिकामी आहे. मी काय खुळी आहे?"

"मी तुम्हाला नाही तपासत. नळीला तपासतोय," ते म्हणाले, आणि शेगड्याच्या जबड्यांत चामड्याच्या पट्ट्या घालून नळी अलगद पकडली. चोचीच्या बुडाशी तेलाचे दोन थेंब सोडले. चष्म्याच्या दांड्या वाकवायला गरम हवेचं एक यंत्र होतं, त्याचं तोंड तिथे वळवलं.

"आता?" काकूंनी विचारलं.

"आता थांबायचं."

"किती वेळ?"

"ते विचारायचं नाही. विचारलं की जास्त लागतो."

काकूंनी आरशात पाहिलं, घड्याळात पाहिलं, मग किल्ली उचलली.

"हात मागे," गंजोबा म्हणाले.

वडील गेल्यापासून काकूंना असं कोणी बोललं नव्हतं. हात आपोआप मागे गेला, याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

परत तेल, परत गरम हवा. पितळेच्या छोट्या हातोडीने चोचीच्या आजूबाजूला टिक टिक टिक, जणू दार वाजवून विचारतायत, आत कोणी आहे का. मग गंजोबांनी किल्ली बसवली आणि फिरवली.

"अहो! उलटं फिरवताय! आवळताय!"

"आधी केसभर आवळायचं. गंजाला वाटतं, सगळं आपल्या मनासारखं चाललंय. तो बेसावध होतो. मग सोडायचं."

"हे कुठे शिकलात?"

"अडकवून अडकवून." ते खुर्चीत टेकले. "आता परत थांबायचं. तोवर सांगा, तुमची कशी काय अडकली? तुमची?"

"मला काय माहीत," काकू म्हणाल्या. आणि म्हणता म्हणताच त्यांना आठवलं.

मागच्या सरावाच्या दिवशी त्या मैदानावरच बंदूक धूत होत्या. गरम पाणी ओतून झालं होतं. आटे पुसायला फडकं उचललं, तेवढ्यात शेजारी दातांचे डॉक्टर आपल्या चोचीला हातभर लांबीचा पाना लावताना दिसले. झालं! काकूंनी फडकं टाकलं आणि तिथूनच तोफ डागली. "डॉक्टर! चोच! कधी! जोराने! आवळायची! नसते!" आणि हे ओरडत असताना हात काय करत होते? हात ओल्याच आट्यांवर ग्रीस फासून स्वतःची चोच आवळत होते, प्रत्येक शब्दाला एक हिसका. डॉक्टरांना राग पोचलाच नाही. सगळा किल्लीत उतरला.

हे सगळं काकूंनी गंजोबांना सांगितलं, कारण खोटं बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढा धीर त्यांच्यात नव्हता.

गंजोबांनी मान डोलावली, उठून किल्ली धरली आणि नेहमीच्या दिशेने वळवली. 'टक्' असा आवाज झाला. चोच फिरली. त्यांनी ती हळूहळू बाहेर घेतली, भिंगाखाली धरली. वर मेणाचा पिवळा थर, आणि त्याच्या पोटात गंजाचं तपकिरी कडं.

"ओल आत कोंडली," ते म्हणाले. एवढंच.

काकूंना वाटलं, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आटे मात्र शाबूत होते. त्यांनी चोच घासली, वाळवली, परत वाळवली, गंजोबा "झालं, झालं" म्हणेपर्यंत वाळवली, मग ग्रीस लावून दोन बोटांनी बसवली. मग एकदम त्यांच्या डोक्यात काहीतरी लखलखलं.

"थांबा. तुम्हाला एवढं येतं, तर दरवर्षी स्वतःची का नाही काढत?"

गंजोबांनी आरशांच्या गर्दीत एखादा तरी मोकळा कोपरा शोधायचा प्रयत्न केला. नव्हता.

"मला आवाजाची भीती वाटते," ते म्हणाले.

"कसल्या?"

"बंदुकीच्या. घोडा पडायच्या आधीच डोळे मिटतात माझे. दुकान मुलाच्या हाती देऊन मी घरी बसलो, तेव्हा बायकोने क्लबात नाव घातलं. म्हणाली, माझं डोकं खाण्यापेक्षा मैदानावर जा. दोन महिन्यांत मी दुकानात परत आलो, पण क्लब काही सुटला नाही. मंडळी आवडतात हो मला. चहा आवडतो. फक्त ते... धडाम् नको वाटतं."

"मग चोच?"

"स्पर्धेच्या आठवड्यात मिठाच्या पाण्याचा एक थेंब सोडतो."

 खुनाची कबुली काकूंनी शांतपणे ऐकली असती.

"मिठाचं? आट्यांत? मुद्दाम?"

"एकच थेंब. आणि स्पर्धा झाली की त्याच रात्री काढून साफ करतो."

"गाढव आहात."

"आहे. पण तुमची चोच निघाली. उद्या माझ्याकडून कोणाला काही कळणार नाही."

"माझ्याकडूनही," काकू म्हणाल्या, पडदा गुंडाळला आणि निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर सगळे जमले. सून आली होती, शेजारच्या काकींना घेऊन आली होती, आणि दोघींनी पुढच्याच खुर्च्या धरल्या होत्या. काकूंनी बंदूक टेबलावर ठेवली, दोन बोटं लावली. चोच लोण्यासारखी निघाली. टाळ्या पडल्या. सूनबाईंचं तोंड पाहण्यासारखं झालं.

काकूंनी चोच वर धरली आणि नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं.  पण त्यांनी नुसतं "हं, पुढचे" म्हटलं.

पुढचे दातांचे डॉक्टर. त्यांची अडकली होती. हातभर पान्याचं पुण्य. "काकू, या वेळी सोडा ना. माझी आई आलीय बघायला. ती बघा, टोपी घालून बसलीय."

डॉक्टरांच्या नव्वदीच्या आईने हात हलवला.

"नियम म्हणजे..." काकू म्हणाल्या आणि थबकल्या.

चहाच्या टेबलामागे गंजोबा उभे होते. त्यांची तपासणी आधीच झाली होती. चोच अर्थातच अडकलेली. ते कपात साखर ढवळत होते आणि काकूंकडे अजिबात बघत नव्हते. किती सभ्यपणे बघत नव्हते! काकूंना ते सहन झालं नाही. कोणी टोमणा मारला तर त्या दुप्पट परत करू शकत होत्या. गप्प बसणाऱ्याला काय परत करणार?

"नियम म्हणजे नियम," त्या मोठ्याने म्हणाल्या. "डॉक्टर, चला चहाच्या टेबलावर. मीही येतेय. काल माझी चोच अडकली होती. ओल्या आट्यांना ग्रीस लावलं आणि तुमच्यावर ओरडता ओरडता आवळली. बास. हसा."

 आधी सुनेला हसू फुटलं, मग सगळ्यांना. काकू ताठ उभ्या राहिल्या. आश्चर्य म्हणजे, त्यांना वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. दात काढताना होतं तसं, आधीची भीतीच मोठी.

"पण मग आत्ता निघाली कशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"यांनी काढली." काकूंनी बोट दाखवलं, आणि बोट दाखवल्याबरोबर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

गंजोबांचा चमचा कपात थांबला.

"गंजोबांनी?" डॉक्टर ओरडले. "अहो, मग माझीही काढा! आई आलीय माझी!"

"आणि स्वतःची का नाही काढत?" मागून कोणीतरी विचारलं.

"हो की! काढा, काढा! या वर्षी गंजोबा मैदानात!"

गंजोबांनी काकूंकडे असं पाहिलं, की जन्मात कोणी त्यांच्याकडे तसं पाहिलं नव्हतं. काकूंनी खांदे उडवले. मीठपाण्याचा शब्द त्यांनी तोंडातून काढला नव्हता. पण खरं बोलायची हीच तर खोट असते. एक धागा ओढला की शेजारच्याचं धोतर सुटतं.

इलाज नव्हता. चहाचं उकळतं पाणी नळ्यांवर ओतलं गेलं, तेल टाकलं गेलं, टिक टिक झाली. डॉक्टरांची चोच निघाली. गंजोबांची तर लाज वाटावी इतक्या पटकन निघाली. नियमात 'त्याच सकाळी निघाली पाहिजे' एवढंच होतं, हे डॉक्टरांनी वकिलासारखं सिद्ध केलं. काकूंचीही निघालीच होती की, असं चौघे म्हणाले. पण काकू आधीच चहाच्या टेबलामागे जाऊन उभ्या राहिल्या होत्या आणि कप कसे चुकीचे मांडलेत हे बघत होत्या.

गंजोबांची पाळी आली. अख्ख्या गावाला दिसायला लावणारा माणूस डोळे गच्च मिटून, नळी समोर धरून उभा राहिला. काकूंची किटलीवरची पकड नकळत घट्ट झाली. धडाम्! धुराचा ढग उठला, विरला. गंजोबांचं लक्ष्य कोरं करकरीत. शेजारी डॉक्टरांच्या लक्ष्यावर मात्र एक भोक जास्तीचं, आणि तेही मधोमध. डॉक्टरांच्या आईने उठून टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी लगेच वाकून नमस्कार केला.

गंजोबा चहाच्या टेबलापाशी आले. तोंड काजळीने काळं, भुवया पांढऱ्याच्या करड्या.

"चहा," ते म्हणाले.

"पाणी तुमच्या नळीवर गेलं सगळं. नवीन ठेवलंय."

ते टेबलाला टेकून उभे राहिले. काकूंना वाटलं, आता भांडतील, आणि त्यांनी उत्तरंही जुळवून ठेवली. गंजोबांनी एकदा मैदानाकडे पाहिलं, एकदा हातातल्या बंदुकीकडे.

"दुसरी फेरी किती वाजता आहे?" त्यांनी विचारलं.

काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "डोळे उघडे ठेवाल?"

गंजोबांनी खरोखर विचार केला. "एक ठेवीन."

"नेम धरायला तेवढाच लागतो," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या हातात पुसायचं कोरडं फडकं दिलं.